आरोग्य विमा : हप्त्याचा खर्च आणि त्याचे मोल

आरोग्य विम्याचा हप्ता भरताना बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : "वर्षभर कोणी आजारी पडलेच नाही, तर पैसे वाया गेले ना?" प्रश्न रास्त आहे. पैसे कष्टाचे असतात आणि त्या बदल्यात हाती काय आले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. या माहितीपत्रकात त्याचे उत्तर शक्य तितक्या प्रांजळपणे देण्याचा प्रयत्न केला आहे.

देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी जो भाग कुटुंबे थेट स्वतःच्या खिशातून भरतात, तो राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तरीही आरोग्यावर खर्च होणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतील सुमारे चाळीस रुपये आजही घरातूनच जातात. हा खर्च सर्व घरांवर सारखा पडत नाही. शेजारच्या घरात वर्षभर खोकल्याच्या औषधापलीकडे काही लागत नाही आणि आपल्या घरात एका रात्रीत हृदयविकाराचा झटका येतो. विमा ही विषमता पुष्कळांमध्ये वाटून घेतो. त्याचे काम एवढेच आहे.

हप्ता की बचत?

समजा, एका कुटुंबाचा वार्षिक हप्ता 20,000 रुपये आहे. तीच रक्कम दरवर्षी बँकेत ठेवली, तर पंधरा वर्षांत व्याज न धरताही तीन लाख रुपये साठतील. हिशेब बरोबर आहे, पण तो आजारपणाला ठाऊक नसतो. दुसऱ्याच वर्षी चार लाखांचे बिल आले, तर बचतीच्या खात्यात 40,000 रुपये असतील. उरलेली रक्कम दागिने गहाण ठेवून, जमिनीचा तुकडा विकून, सावकाराकडून किंवा मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून उभी करावी लागेल. पॉलिसी मात्र, प्रतीक्षाकाळ संपलेला असल्यास, दुसऱ्या वर्षीही पूर्ण विमा रकमेपर्यंत जबाबदारी घेते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बहुसंख्य कुटुंबांना बहुसंख्य वर्षी हप्त्याचे पैसे परत मिळत नाहीत, आणि कंपनीचा प्रशासकीय खर्च व एजंटाचे कमिशनही त्याच हप्त्यातून जाते. म्हणून आरोग्य विम्याकडे गुंतवणूक म्हणून पाहू नये. लहानसहान खर्चासाठी बचत आणि घर हलवून टाकणाऱ्या खर्चासाठी विमा, अशी विभागणी शहाणपणाची ठरते. दोन्ही लागतात.

विम्याचा एक लाभ कोणत्याही हिशेबात दिसत नाही. शुश्रूषेच्या कामात वारंवार आढळते, की पैशाअभावी लोक उपचार नाकारत नाहीत, पुढे ढकलतात. हर्नियाचे ऑपरेशन सुगीनंतर, मोतीबिंदूचे लग्नसराईनंतर, मधुमेही पायावरची जखम "आणखी आठ दिवस बघू" म्हणून तशीच. त्या आठ दिवसांत मलमपट्टीवर भागले असते ते बोट कापण्यापर्यंत जाते. ज्याच्याकडे संरक्षण आहे, तो रुग्णालयाची पायरी लवकर चढतो.

विकत घेण्यापूर्वी : आपल्याला आधीच काही मिळते का?

पॉलिसी घेण्याआधी हे तपासणे आवश्यक आहे, कारण अनेक कुटुंबांना आपला हक्कच माहीत नसतो. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला तीत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळतात. कुटुंबातील सदस्यसंख्येची अट नाही आणि आधीपासून असलेले आजारही पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. खासगी विमा असलेले ज्येष्ठही त्यास पात्र आहेत. केंद्रीय कर्मचारी आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेचे लाभार्थी असल्यास मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. माहितीसाठी 14555 हा क्रमांक आहे. महाराष्ट्रातील रहिवाशांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची आणि गोव्यातील रहिवाशांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचीही चौकशी करावी.

कारखान्यात किंवा आस्थापनेत दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. कामगार वेतनाच्या 0.75 टक्के भरतो, मालक 3.25 टक्के. बाह्यरुग्ण तपासणी व औषधांसह कुटुंबाच्या उपचारांची सोय त्यात आहे. बाजारातील बहुतेक पॉलिसींत ती मिळत नाही. किमान पाच वर्षे या योजनेत राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला केवळ 120 रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नोकरीतील गट विम्याबाबत सावधगिरी हवी. तो नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी, रक्तदाब व मधुमेह सोबतीला आल्यावर नवी पॉलिसी शोधावी लागते, तेव्हा हप्ता चढा असतो आणि प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होतो. म्हणून नोकरीत असतानाच एखादी लहान वैयक्तिक पॉलिसी चालू ठेवावी. ते न जमल्यास, नोकरी सोडण्यापूर्वी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे.

हप्ता कशाने ठरतो

वय, निवासाचे शहर, विमा रक्कम, तंबाखूचे सेवन आणि असलेले आजार यांवर हप्ता ठरतो. संपूर्ण कुटुंबासाठी एकच रक्कम असलेल्या फॅमिली फ्लोटर पॉलिसीत सर्वांत वयस्कर सदस्याच्या वयाचा भार हप्त्यावर पडतो. त्यामुळे वृद्ध आईवडिलांसाठी वेगळी पॉलिसी घेणे अनेकदा स्वस्त पडते. शिवाय त्यांच्या एका आजारपणात मुलांच्या वाट्याची रक्कम संपत नाही.

करांच्या बाबतीत अलीकडे दिलासा मिळाला आहे. पूर्वी हप्त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागत असे. 20,000 रुपयांच्या हप्त्याचे प्रत्यक्षात 23,600 रुपये होत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक व फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरील हा कर शून्य झाला आहे. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत स्वतःच्या कुटुंबासाठी 25,000 रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 50,000 रुपयांपर्यंत हप्त्याची वजावट मिळते, मात्र हप्ता रोखीने भरलेला नसावा. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. केवळ कर वाचावा म्हणून मार्चअखेरीस घाईघाईने घेतलेली पॉलिसी क्वचितच नीट वाचलेली असते.

ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीने आधी भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी, असा निर्देश जानेवारी 2025 मध्ये देण्यात आला आहे. अवाजवी वाढ आढळल्यास याचा हवाला द्यावा.

खोलीचे भाडे : बहुतेक वाद येथेच होतात

पॉलिसीतील ही एक ओळ मन लावून वाचावी. समजा, विमा रक्कम तीन लाख आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये आहे. रुग्णाने 6,000 रुपयांची खोली घेतली व तो पाच दिवस राहिला. बिल असे झाले : खोली 30,000, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा मिळून 90,000, औषधे, प्रत्यारोपित साहित्य व तपासण्या मिळून 60,000. एकूण 1,80,000 रुपये.

रक्कम विमा मर्यादेच्या आत आहे. तेव्हा फार तर खोलीभाड्यातील फरकाचे 15,000 रुपये आपल्याला भरावे लागतील, अशी नातेवाइकांची समजूत असते. प्रत्यक्षात प्रमाणशीर कपात लागू होते. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची असल्याने डॉक्टरांचे शुल्क व शस्त्रक्रियागृह यांसारखे खोलीशी निगडित खर्चही निम्मेच मंजूर होतात : 90,000 पैकी 45,000. औषधे, प्रत्यारोपित साहित्य व तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. अतिदक्षता विभागातील शुल्कालाही नाही. म्हणजे कंपनी 15,000 अधिक 45,000 अधिक 60,000, असे 1,20,000 रुपये देते आणि कुटुंबाला 60,000 रुपये भरावे लागतात. वरच्या दर्जाच्या खोलीची खरी किंमत 15,000 नव्हे, 60,000 ठरली. दाखल होताना, गडबडीच्या त्या क्षणी, काउंटरवर एकच वाक्य विचारावे : "आमच्या पॉलिसीच्या मर्यादेतील खोली कोणती?"

उदाहरणादाखल, सर्व कंपन्यांत अटी समान असलेली आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी घ्या. ती 1 एप्रिल 2020 पासून उपलब्ध आहे. तीत खोलीभाडे विमा रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला 5,000 रुपयांहून अधिक नाही, आणि मंजूर दाव्याचा 5 टक्के भाग रुग्णाने भरायचा असतो. या रुग्णाच्या वाट्याला को-पे म्हणतात. मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात 5,000 रुपयांची मर्यादा अपुरी पडू शकते. तालुक्याच्या ठिकाणी ती बहुधा पुरते. पॉलिसी चांगली की वाईट, हे आपण उपचार कोठे घेणार यावरही अवलंबून असते.

प्रतीक्षाकाळ आणि खरी माहिती

नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघाताखेरीज अन्य आजारांसाठी संरक्षण नसते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांसाठी, तसेच आधीपासून असलेल्या आजारांसाठी अधिक काळ थांबावे लागते. हा काळ जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. पूर्वी तो 48 महिने होता. निदान झाल्यावर पॉलिसी घेण्यास धावणे म्हणूनच निरुपयोगी ठरते.

प्रस्तावाचा अर्ज एजंटाकडून भरवून घेऊ नये. निदान सही करण्यापूर्वी वाचावा. "साखर आहे हे लिहू नका, हप्ता वाढेल," असा सल्ला देणारा दाव्याच्या वेळी जवळ नसतो. रुग्णालयात दाखल होताना परिचारिका व डॉक्टर पूर्वेतिहास लिहून घेतात. 'मधुमेह, सहा वर्षांपासून' ही नोंद उपचारासाठी अत्यावश्यक असते आणि तीच दाव्यासोबत कंपनीकडे जाते. येथे इतिहास लपवणे तर जिवाशी खेळ आहे. पॉलिसी सलग 60 महिने चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. त्यासाठी खंड पडता कामा नये. वार्षिक हप्त्यास 30 दिवसांची आणि मासिक हप्त्यास 15 दिवसांची सवलतीची मुदत असते.

पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती न पटल्यास परत करता येते. हे दिवस वाचनासाठी वापरावेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे; आपल्या पॉलिसीत तसे लिहिले आहे का, ते पाहावे. रोजच्या गोळ्या आणि दवाखान्याचे शुल्क मात्र बहुतेक पॉलिसींत बसत नाही. त्यासाठी जन औषधी केंद्रातील औषधे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी होणारी रक्तदाब व मधुमेहाची मोफत तपासणी हाच व्यवहार्य मार्ग आहे.

दावा करताना

पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचा मदत क्रमांक आणि ओळखपत्राची प्रत घरातील किमान दोघांकडे असावी. आजारी पडणारा माणूसच कपाटाची किल्ली कोठे आहे हे जाणणारा असतो, असे पुष्कळदा घडते. कॅशलेस उपचारांची विनंती आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा 2024 पासूनचा नियम आहे. तीन तासांहून अधिक विलंबामुळे रुग्णालयाने वाढीव शुल्क लावल्यास ते कंपनीने सोसायचे आहे. स्वतः बिल भरून नंतर परतावा मागणार असल्यास डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, तपासणी अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या मूळ प्रतीत घ्याव्यात व छायाप्रती घरी ठेवाव्यात. एकच आकडा लिहिलेले बिल स्वीकारू नये.

दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे, त्यात पॉलिसीच्या कोणत्या अटीचा आधार घेतला आहे हे पाहावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. 'बिमा भरोसा' या नियामकाच्या संकेतस्थळावर किंवा 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. 30 दिवसांत उत्तर न आल्यास अथवा ते न पटल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. 50 लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची सुनावणी तेथे होते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही; साध्या कागदावर, कंपनीच्या पत्राची प्रत जोडून केलेला अर्ज पुरेसा असतो.