महारोहिणीची चीर आणि डी-डायमर रक्तचाचणी

छातीत कळ आली म्हणजे हृदयविकाराचा झटका, असे समीकरण सर्वसामान्यांच्या मनात पक्के बसले आहे. क्वचित मात्र दुखण्याचे मूळ महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या शरीरातील सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत असते. तिचे आतील अस्तर चिरते आणि रक्त भिंतीच्या थरांत शिरून त्यांना विलग करीत जाते. चीर हृदयालगत असल्यास उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला सुमारे एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असे वैद्यकशास्त्र मानत आले आहे. त्यातच झटका समजून गुठळी विरघळविणारे औषध दिले गेले, तर तेच प्राणावर बेतते.

अशा वेळी डी-डायमर ही रक्तचाचणी साहाय्यभूत ठरते. थरांत शिरलेले रक्त गोठते, शरीर ती गुठळी विरघळवू लागते आणि तिचे अवशेष रक्तात उतरतात. चाचणी हे अवशेष मोजते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, चार देशांतील १८५० रुग्णांच्या अभ्यासात, तपासणीअंती जोखीम कमी ठरलेल्या आणि चाचणीचा आकडा दर मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमच्या आत असलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीनशेत एकाचाच विकार निसटला.

मग सी.टी. स्कॅनवर एवढा खर्च कशाला, असा प्रश्न काही देणगीदार बंधू-भगिनींनी आम्हांस विचारला. हिशेब सांभाळणाऱ्या आम्हांलाही प्रथम तो रास्त वाटला होता. परंतु हा आकडा गरोदरपणात, जंतुसंसर्गात, कर्करोगात, शस्त्रक्रियेनंतर, पायातील शिरेत गुठळी झाल्यास, किंबहुना केवळ उतारवयातही वाढतो. म्हणजे तो वाढल्याने चीर सिद्ध होत नाही. ती दिसते सी.टी. अँजिओग्राफीत. शिवाय भिंतीतच रक्त साकळून राहिले असेल, तर आकडा फसवा कमी येऊ शकतो. म्हणून जोखीम मुळातच अधिक असलेल्या रुग्णास रक्ताच्या अहवालासाठी थांबवून न ठेवता थेट स्कॅनसाठी नेणे इष्ट. चाचणीचा खरा उपयोग, कोणास स्कॅनची गरज नाही हे ठरविण्यात आहे.

जोखीम ठरते ती मात्र विचारपूस व तपासणी यांवरून. वेदना एकाएकी, फाडल्यासारखी सुरू झाली का, घराण्यात कोणास महारोहिणीचा विकार अथवा मार्फान सिंड्रोम होता का, महारोहिणीवर वा हृदयाच्या झडपेवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे आप्तांनाच ठाऊक असते. दोन्ही हातांच्या रक्तदाबातील फरक डॉक्टर पाहतील. ही माहिती आप्तांनी नोंदणीच्या खिडकीकडे वळण्यापूर्वी त्यांच्या कानी घालावी, ही विनंती.