रंग आपल्या आवडीचा, अक्षर वाचणाऱ्याच्या सोयीचे

आपल्या सेवाकार्याचे संकेतस्थळ मी कोल्हापुरात घरी बसून सांभाळतो. गेल्या उन्हाळ्यात त्याची थीम बदलली. पांढरे पान, फिकट राखाडी अक्षरे, पिवळे मथळे. माझ्या संगणकावर ते फार देखणे दिसले. पाड्यावरच्या नेत्रतपासणी शिबिराची तारीखही त्याच पानावर होती. एक आजी शिबिराला आल्याच नाहीत. नंतर त्यांची नात म्हणाली, "दादा, उन्हात मोबाइल धरला की तुमचं पान कोरंच दिसतं."

ज्यांची नजर अधू, त्यांनाच मी न दिसणाऱ्या अक्षरांत बोलावले होते! तेव्हापासून जे शिकलो ते मांडतो. आपण मंडळीचे, शाळेचे किंवा बचत गटाचे संकेतस्थळ पाहत असाल तर उपयोगी पडेल.

१. रंगांतील फरक मोजा. डब्ल्यूसीएजी या जागतिक नियमावलीप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या मथळ्यांसाठी ३:१ हवे. पांढऱ्यावर काळे २१:१ भरते, तर पांढऱ्यावर भडक पिवळे जेमतेम १.०७:१. हे मोजणारी साधने इंटरनेटवर मोफत आहेत. पिवळा आवडत असेल तर तो मागच्या पट्टीला द्या आणि त्यावर काळी अक्षरे घाला.

२. देवनागरीची गरज ओळखा. बऱ्याच थीम रोमन अक्षरांच्या मापाने बनतात. आपल्या मात्रा आणि रफार वर जातात, उकार खाली येतात. म्हणून ओळींत जास्त अंतर ठेवा. अक्षरांमधले अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत मिळतात. सुवाच्य अक्षराची ही काळजी जुनीच आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडवले. तिथे काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला.

३. मजकूर चित्रात अडकवू नका. पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अंध बांधव अवलंबून असतात. फलकाचा नुसता फोटो टाकला तर त्यातली तारीख त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. ती टाइप करून लिहा. पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवा, म्हणजे उच्चार नीट होतील.

४. दुवा केवळ रंगाने दाखवू नका. खाली रेघ द्या. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पान मोडता कामा नये.

५. बदल चाइल्ड थीममध्ये करा. मूळ थीममध्येच केले, तर ती अद्ययावत होताच सारे पुसले जाते.

स्वाध्याय: आपले पान मोबाइलवर उघडा आणि भर दुपारी अंगणात जा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हाती तो द्या आणि फक्त एवढेच विचारा, "पुढचा कार्यक्रम कधी आहे?" ते डोळे बारीक करू लागले, तर दोष त्यांच्या डोळ्यांना देऊ नका. घरात येऊन रंग बदला.

मीही तसेच केले. पुढच्या शिबिराची तारीख आता काळ्या, ठळक अक्षरांत आहे. ती त्या आजींनी स्वतः मला वाचून दाखवली.