आधी चीक, मग पुडी

थंडीत गाई व्यायल्या की सिन्नरजवळच्या आमच्या गोठ्यात वासरांना हगवण लागायची आणि धाकटा भाऊ प्रोबायोटिकच्या पुड्या आणायचा. एका हिवाळ्यात पुड्या देऊनही कालवड दगावली. पशुवैद्यकांनी पुडीकडे पाहिलंच नाही. चीक कधी पाजला, एवढंच विचारलं.

वार पडल्यावर, भाऊ म्हणाला.

वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत अजून गावोगाव आहे. प्रत्यक्षात वासरू आचळाला लागलं की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि वार पडायला मदतच होते. शिवाय गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती चिकातूनच येतात. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळपास संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच चीक सुरू करावा. ३० किलोच्या वासराच्या पोटात पहिल्या दिवशी तीन लिटर तरी जायला हवा.

मग पुडी निरुपयोगी का? तसं नाही. पुडीतले लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू आतड्यात जागा धरतात, आम्ल तयार करतात आणि घातक जिवाणूंना अडवतात. अर्जेंटिनातील संशोधकांनी २०११ मध्ये अशा जिवाणूंच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दुधाच्या पावडरीवर वाढवलेल्या वासरांत वजनवाढ दिसली. पण हे जिवाणू जिवंत पोटात जायला हवेत. कढत दुधात ते मरतात, आणि सोबत अँटिबायोटिक चालू असेल तर बरेचसे त्यानेच मरतात. पाकिटावर जिवाणूचं नाव, जिवंत जिवाणूंची संख्या आणि मुदत वाचूनच घ्यावं.

हगवणीत वासरू मरतं ते मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. दूध चालू ठेवून मधल्या वेळेत क्षारांचं पाणी पाजावं. डोळे खोल गेले, वासरू उठेना किंवा शेणात रक्त दिसलं, तर डॉक्टरांना लगेच बोलवावं.

जवळच्या निफाडचा पारा खाली आला की कोवळ्या वासराची बरीच ताकद अंग गरम राखण्यात जाते. तेव्हा दूध वाढवावं, खाली कोरडा भुसा अंथरावा. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी आणि मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचं दाणेदार खाद्य, पुढ्यात ठेवावा; कोठीपोटाचं अस्तर दुधाने नव्हे, दाण्याच्या आंबण्याने वाढतं.

भाऊ आता दर आठवड्याला छातीचा घेर टेपने मोजून वजनाचा अंदाज घेतो. जन्मवजन दोन महिन्यांत दुप्पट व्हावं, हा त्याचा हिशेब. पुडी काहींना देतो, काहींना नाही, आणि दोन्हींचे आकडे एकाच वहीत लिहितो.