पाठविलें म्हणजे पोंचलें काय ?

शेतकरी खळ्यावरचें धान्य दूरच्या कोठारांत पाठवितो, तेव्हां तो दोन हिशेब ठेवितो. गाडींत किती पोतीं चढविलीं हा एक, आणि कोठारांत किती पोतीं मोजून घेतलीं हा दुसरा. दोन्ही आंकडे जुळले म्हणजे त्याचा जीव स्वस्थ होतो. आज घरोघरचीं छायाचित्रें, शाळांचीं दप्तरें, व्यापाऱ्यांच्या खतावण्या हें सर्व संगणकांत असतें. त्याची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, दूरच्या सांठवणघरीं पाठवितांना हाच दुहेरी हिशेब लागतो. तो कसा ठेवावा, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम सांठवणघर कसें असतें तें पाहूं. अ‍ॅमेझॉन कंपनीनें मार्च २००६ मध्यें 'एस थ्री' नांवाची सेवा सुरू केली. अशा तऱ्हेच्या सांठवणीस ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. तींत प्रत्येक फाइल ही एक अखंड वस्तु मानिली जाते, आणि ती आपल्या नांवानें 'बकेट' म्हणविल्या जाणाऱ्या कप्प्यांत राहते. वहीचें मधलेंच एक पान बदलावें तसें तेथें करतां येत नाहीं. वस्तु बदलावयाची तर ती सबंध पुन्हा ठेवावी लागते. या सेवेचें एक केंद्र २०१६ पासून मुंबईसही आहे.

आतां समजा, १०० गिगाबाइटचा बॅकअप पाठवावयाचा आहे आणि पाठविण्याचा वेग सेकंदास २० मेगाबिट आहे. बिट व बाइट यांत विद्यार्थ्यांनीं घोटाळा करूं नये. ८ बिटांचा १ बाइट होतो. १०० गिगाबाइट म्हणजे ८,००,००० मेगाबिट. त्यांस २० नीं भागिलें असतां ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तास ६ मिनिटें ४० सेकंद येतात. इतक्या अवधींत वीज जाईल किंवा जोडणी तुटेल, हें धरूनच चालावें. सर्व माल एका दमांत पाठविला आणि शेवटच्या घटकेस जोडणी तुटली, तर पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. शिवाय एस थ्रीमध्यें एका दमांत ५ गिगाबाइटहून अधिक पाठवितांच येत नाहीं.

म्हणून २०१० मध्यें तेथें तुकड्यातुकड्यांनीं पाठविण्याची सोय झाली. शेवटचा तुकडा सोडून प्रत्येक तुकडा निदान ५ मेगाबाइटचा असावा, व तुकडे १०,००० हून अधिक नसावे, असा नियम आहे. ५ मेगाबाइटचेच तुकडे पाडले तर सुमारें ५० गिगाबाइटांतच संख्या संपेल. आपल्या कामास १०० मेगाबाइटचे १,००० तुकडे सोयीचे. एकेक तुकडा ४० सेकंदांत जाईल, आणि तो पोंचतांच सांठवणघर त्याची पोंचपावती देईल. अशा ७०० पावत्या हातीं आल्या म्हणजे शेंकडा ७० काम झालें. मग जोडणी तुटली तरी सांठवणघराकडून पोंचलेल्या तुकड्यांची यादी मागवावी, आणि उरलेले ३०० तेवढे पाठवावे.

पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीवर मात्र आंधळा विश्वास ठेवूं नये. कित्येक प्रोग्राम फाइलींतून किती वाचून पुढें ढकललें एवढेंच मोजतात. हा गाडींत चढविलेल्या पोत्यांचा हिशेब झाला. ढकललेला माल आपल्याच संगणकाच्या तात्पुरत्या सांठ्यांत पडून असूं शकतो. पट्टी झरझर पुढें जाऊन मध्येंच बराच वेळ थबकते, त्याचें एक कारण हेंच. खरी प्रगति पावत्यांवरून मोजावी.

माल पोंचला, पण शाबूत पोंचला काय ? गुणाकार पडताळण्यास आपण नवाचा ताळा घेतों. त्याचप्रमाणें संगणक प्रत्येक तुकड्याचा एक ताळा काढतो; त्यास चेकसम म्हणतात. पाठविणाराचा व घेणाराचा ताळा जुळला पाहिजे. उत्तरांत ३६ चे ६३ झाले तर नवाचा ताळा फसतो. संगणकाचे चांगले ताळे असल्या अदलाबदलीस फसत नाहींत.

हजारही पावत्या आल्या तरी एक काम उरतेंच. 'तुकडे जोडून वस्तु पुरी करा' अशी शेवटची आज्ञा द्यावी लागते. ती दिली नाहीं तर बकेटमध्यें वस्तु दिसत नाहीं, आणि सुट्या तुकड्यांचें भाडें मात्र चढत राहतें.

ही सावधगिरी किती मोलाची आहे, हें गिटलॅब या कंपनीच्या अनुभवावरून दिसतें. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तेथें एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसंग्रह पुसला गेला. एस थ्रीमधील बॅकअप शोधूं जातां बकेट रिकामी निघाली. बॅकअप करणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळें रोज अयशस्वी होत होता, आणि तशी सूचना देणारीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या कामाकरितां घेतलेली एक प्रत सुदैवानें सांपडली, म्हणून बहुतेक माहिती वांचली. त्या सहा तासांतील गेली ती गेलीच. पुढें कंपनीनें ही सारी हकीकत स्वतः प्रसिद्ध केली, हें तिला भूषणावह आहे.

तात्पर्य, तक्रार आली नाहीं म्हणून माल पोंचला असें समजूं नये. पोंचल्याची खूण स्वतः मागून घ्यावी. पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांच्या बाळपणाचीं छायाचित्रें दुसरीकडे ठेवलीं असतील, तर महिन्यांतून एकदां त्यांतलीं दोनचार परत उतरवून, उघडून पाहावीं. परत मिळालें तेंच ठेवलें.

विद्यार्थ्यांकरितां अभ्यास : १२ गिगाबाइट छायाचित्रांचे ५० मेगाबाइटचे तुकडे केले. वेग सेकंदास ८ मेगाबिट आहे. तुकडे किती ? एकूण वेळ किती ? १८० पावत्या आल्या असतां शेंकडा किती काम झालें ?