सांधा लपवायला गेलो आणि

बैठकीत भिंतभर कपाट करून घेतलं. भिंत साडेदहा फूट, एमडीएफचा तक्ता आठ बाय चार. म्हणजे छताखालच्या आडव्या पट्टीला कुठेतरी सांधा येणारच होता. तो कुठे यावा, हे मी विचारलंच नाही. मिस्त्री म्हणाले, "लांबी भरू साहेब, शोधून सापडणार नाही." दिवाळीला पांढरा पीयू रंग चकाकत होता आणि सांधा खरोखरच सापडत नव्हता.

जुलैत तिथे बारीक उंचवटा आला, मार्चमध्ये केसाएवढी चीर. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की घरात दुसरं काही दिसेना. मी रंगाऱ्यावर चिडलो. त्या बिचाऱ्याने खरवडून, भरून पुन्हा रंग मारला; पुढच्या पावसाळ्यानंतर चीर परत हजर. पैसे दोनदा गेले.

शेवटी ओळखीतल्या एका जुन्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही. पट्टीच्या मागे हात घातला. "अहो, मागे आधारच नाही." दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले होते. दमट हवेत एमडीएफ फुगतं, त्यातही कापलेली कड जास्त पाणी पिते. तुकडे आपापले हलतात, आणि खडूची पूड-फेविकॉलची लांबी त्यांच्याबरोबर ताणली जात नाही.

तेव्हा सांधा शक्यतो उभ्या फळीवर घ्या. अधांतरी आलाच, तर मागून प्लायची रुंद पट्टी गोंद आणि स्क्रू दोन्हींनी बसवून घ्या. कडांना हलका काप देऊन त्यात हार्डनर घालायची पुट्टी, गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांकडे असते ती, पातळ थरांत भरा. प्राइमरनंतर खोलीत अंधार करून विजेरी आडवी धरा. जे तेव्हा दिसेल ते रंगाखालूनही दिसणार. भिंतीलगतच्या फटीत मात्र सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. अ‍ॅक्रिलिक सीलंट मागा.

काकांनी माझा सांधा लपवलाच नाही. तिथे तीन मिलिमीटरची सरळ खाच पाडली आणि जोडीला दुसऱ्या टोकाकडून तेवढ्याच अंतरावर आणखी एक. पाहुण्यांना ते डिझाइन वाटतं.

तुमचं काम चालू असेल तर रंगारी येण्याआधी, सुतार घरात असतानाच, पट्टीच्या मागे एकदा हात घालून बघा.