काकांची आरएक्स आणि जपानची स्कायलाइन

प्रश्न : आमच्याकडे काकांची १९९२ सालची आरएक्स १०० आहे. काका तेव्हा चिपळूणला नोकरीला होते. तिथल्या एका मिस्त्रीकडून त्यांनी ब्लॉकचं पोर्टिंग करून घेतलं होतं आणि गाडी आजूबाजूच्या गावांत प्रसिद्ध होती. गेली काही वर्षं ती पडवीत उभी आहे, खाऱ्या हवेने पार खाल्ली आहे. मी मोबाईलवर जपानमधल्या जुन्या स्कायलाइन आणि फेअरलेडी गाड्या नव्याने बांधलेल्या बघतो. पुण्याचा मित्र म्हणतो, तशीच बांधून घे. डिस्क ब्रेक, अलॉय, रुंद टायर टाक. काका म्हणतात, मिस्त्रीच्या कामाला हात लावू नकोस. त्या काळचं ट्यूनिंग आणि आजची बांधणी यांत खरा फरक काय? आणि मी कोणाचं ऐकू?
– एक वाचक, वेळणेश्वर (ता. गुहागर)

उत्तर : जपानचं आधी सांगतो, कारण तुमच्या पडवीतल्या गाडीचा निकाल बराचसा तिथेच लागतो.

निस्सानची फेअरलेडी झेड १९६९ साली आली. बाहेरच्या देशांत ती डॅटसन २४०झेड म्हणून गाजली, पण खुद्द जपानमध्ये विकलेल्या बहुतेक गाड्यांत दोन लिटरचंच इंजिन होतं. तिथल्या पोरांना ते पुरेना. मग पुढे त्याच घराण्यातलं २.८ लिटरचं इंजिन निघालं, तेव्हा मिस्त्र्यांनी त्यात एक विलक्षण गोष्ट केली. निस्सानच्याच डिझेल इंजिनाचा क्रँक काढून या पेट्रोल इंजिनात बसवला. स्ट्रोक ७९ मिलिमीटरवरून ८३ झाला, पिस्टन ८६ ऐवजी ८९ मिलिमीटरचे घातले आणि इंजिन ३.१ लिटरचं झालं. वर तीन कार्ब्युरेटर, सोलेक्सच्या परवान्याने जपानमध्ये मिकुनीने बनवलेले. तोच मिकुनी, ज्याचं नाव तुमच्या आरएक्सच्या कार्ब्युरेटरवर आहे.

या कामात हातात होतं त्यातून मार्ग काढलेला दिसतो. डिझेल गाडीचा क्रँक स्पोर्ट्स कारसाठी कोणी बनवला नव्हता. तो बसतो, हे कोणीतरी मोजून पाहिलं. १९७३ साली एचकेएस ही कंपनी सुरू करणारे हिरोयुकी हासेगावा हे यामाहातून बाहेर पडलेले इंजिनिअर होते. त्यांच्यासारख्या लोकांमुळे पुढे टर्बोचे तयार संच मिळू लागले, पण सुरुवात कानस, मायक्रोमीटर आणि तयार कान यांवर झाली. अशा प्रत्येक कामाची किंमत मोजावी लागे. वरच्या आरपीएमला ताकद मिळाली की खाली गाडी अडखळे, प्लग काळे पडत, थंडीत चालू व्हायला वेळ लागे. मालकाला ते ठाऊक असे आणि मान्यही असे. काय मिळवायचं आणि कशावर पाणी सोडायचं, हे मालक आणि मिस्त्री समोरासमोर बसून ठरवत. त्या काळच्या ट्यूनिंगचा जीव या ठरवण्यात होता.

आजची बांधणी वेगळ्या टोकाकडून सुरू होते. गाडी उघडा सांगाडा होईपर्यंत सोडवतात, गंज कापून काढतात, पत्रा नव्याने जोडतात, वेल्डिंगचे टाके वाढवून सांगाडा मूळच्यापेक्षा ताठ करतात. इंधन आणि ठिणगी संगणक सांभाळतो. काही कार्यशाळा निस्सानच्याच सत्तरच्या दशकातल्या स्कायलाइनमध्ये तिच्या पुढच्या पिढीचं, १९८९ च्या आर३२ जीटी-आरचं २,५६८ सीसीचं जोडटर्बो इंजिन बसवतात. अशी गाडी भल्या पहाटे पहिल्या सेल्फला चालू होते, वातानुकूलित असते आणि वेगात अंगावर येत नाही. सगळं मिळतं, कशावरही पाणी सोडावं लागत नाही.

मला विचाराल तर यातली कारागिरी नमस्कार करण्याजोगी आहे. पण ती गाडी १९७२ ची नाही, आजची आहे, आणि तसं स्पष्ट सांगायला हवं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो कंपन्यांनीच हाती घेतलेला दुसरा मार्ग. निस्सानने २०१७ च्या शेवटी आर३२ साठी बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. माझदाने त्याच वर्षी पहिल्या पिढीची रोडस्टर दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. टोयोटाने २०२० पासून २००० जीटीचे भाग काढले. त्या गाडीचं इंजिन यामाहाच्या मदतीने घडलेलं. या भागांमुळे जुनी गाडी जुनीच राहून चालती होते.

आता आपल्याकडे. परदेशातली वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणता येत नाही, असा नियम आपल्याकडे वर्षानुवर्षे होता. त्यामुळे जुनी स्कायलाइन किंवा झेड महाराष्ट्राच्या रस्त्यावर सहसा आली नाही. जपानी वेगाची गोडी आपल्याला लागली ती दुचाकीवर, टू-स्ट्रोकच्या निळसर धुरात. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत ३५०’ म्हणून आणली आणि १९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० आली.

राजदूत ३५० चा किस्सा मुद्दाम सांगतो, कारण ‘ओरिजिनल’ हा शब्द वापरण्याआधी तो प्रत्येकाला माहीत हवा. जपानी आरडी ३५० ची ताकद ३९ अश्वशक्ती होती आणि तिला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे मायलेजच्या चिंतेने ती ३०.५ वर आणली, नंतरच्या आवृत्तीत २७ वर. डिस्क गेला, ड्रम आला. म्हणजे ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईतले मिस्त्री तिचे पोर्ट, जेट आणि सायलेन्सर बदलत होते, तेव्हा बरेचदा ते गाडीला तिच्या मूळ जपानी रूपाकडेच नेत होते. आज कोणी राजदूतला पुढे डिस्क लावला तर आरसी बुकाच्या दृष्टीने तो बदल आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने घरवापसी आहे. म्हणून राजदूतवर डिस्क लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

तुमच्या आरएक्सचं तसं नाही. ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास: ती आली तेव्हाच तिचं गणित जुळलेलं होतं. त्यात काकांच्या मिस्त्रीने काय केलं, ते आधी समजून घ्या. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली-वर होताना ब्लॉकमधल्या खिडक्या उघडतो, झाकतो. जळालेला धूर बाहेर जाण्याची खिडकी वरच्या बाजूने थोडी घासली की ती लवकर उघडते, वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं होतं आणि खालची ओढ कमी होते. किती घासायची, हे मिलिमीटरच्या अंशांत ठरतं. चिपळूणच्या सपाट रस्त्याला जे बरं, ते वेळणेश्वरातून सड्यावर जाणाऱ्या चढणीवर, मागे माणूस आणि नारळाचं पोतं असताना, बरं असेलच असं नाही. काकांना विचारा, ती चढण गाडी कितव्या गिअरमध्ये चढायची. पहिला गिअर लागत असेल तर मिस्त्रीने खिडकी बरीच वर नेली आहे.

मग हेड आणि ब्लॉक काढा आणि एक्झॉस्टच्या खिडकीत बोट फिरवा. कंपनीचं ओतकाम वाळूच्या साच्याचं असतं, बोटाला खरखर लागते. माणसाचा हात फिरलेला असेल तिथे पृष्ठभाग गुळगुळीत आणि त्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतील. खिडकीच्या वरच्या कडेला धार आहे की ती मोडून गोल केली आहे, हेही बघा. चांगला मिस्त्री धार ठेवत नाही, कारण पिस्टनची रिंग तिथे अडकून तुटते. ही एक कड तुम्हाला सांगेल की काकांचा मिस्त्री किती जाणता होता. मग ब्लॉकच्या वरच्या काठापासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्निअरने मोजून कागदावर लिहून ठेवा. हे माप फार मोलाचं आहे. ब्लॉकचं बोअरिंग शेवटच्या मापापर्यंत गेलं असेल तर नवी स्लीव्ह घालावी लागेल, आणि जुन्या स्लीव्हबरोबर मिस्त्रीचं काम कायमचं जाईल. माप हाती असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्यासारखा चांगला कारखाना ते जसंच्या तसं कापून देऊ शकेल. तुमच्या गावातच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; मोजमापाला तिथल्या एखाद्या प्राध्यापकांची मदत मागायला संकोच करू नका.

सायलेन्सरबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिथेच जास्त अन्याय होतो. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर इंजिनाचाच भाग असतो. आत रुंद होऊन पुन्हा निमुळत्या होणाऱ्या नळीतून दाबाची लाट परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी हे शास्त्र घडवलं. त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनच्या शर्यतीतून पळाला, ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. तुमच्या गाडीच्या त्या लांब नळकांड्यामागे एवढा इतिहास आहे. आतली जाळी काढून फेकल्याने आवाज वाढतो, ताकद नव्हे. उलट खालची ओढ आणखी जाते. मिस्त्रीने ती काढली असेल तर नवी घाला, काका रागावले तरी.

मित्राच्या यादीला मात्र माझा विरोध आहे. या गाडीला मूळचे टायर पुढे २.५०–१८ आणि मागे २.७५–१८. ११ अश्वशक्तीला रुंद टायर ओढायला लावणं म्हणजे तिचा चपळपणाच काढून घेणं. डिस्क लावायचा तर दुसऱ्या गाडीचा फोर्क आणि हब आणावा लागेल. त्यापेक्षा ड्रम लेथवर गोल करून घ्या, नवे लायनर घाला, केबल बदला; या वजनाला तो ब्रेक पुरतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही ध्यानात ठेवा. कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात जाणारा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कॅफे रेसरच्या नादात चेसिसची शेपटी कापलीत तर पुढच्या पासिंगला गाडी अडकेल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेल्या दुचाकीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात असली तरच. तुमची गाडी २०४२ मध्ये तिथे पोचेल. आज कापलेलं तेव्हा जोडता येणार नाही.

तरीही आजचं तंत्र पूर्ण नाकारू नका. तुमच्या घराचे वासे वाळवीने खाल्ले तर तुम्ही नवे घालता, पण म्हणून कौलं काढून स्लॅब टाकत नाही. तसंच इथे. क्रँकची ऑइल सील डोळे मिटून बदला. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमध्ये दाबलं जातं. वर्षानुवर्षं उभं राहून कडक झालेल्या सीलमधून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. बेअरिंग नवी, चांगल्या कंपनीची. वायरिंग पूर्ण नवं, कारण खाऱ्या हवेत तांब्याची तार आवरणाच्या आतच हिरवी पडते. स्पोक स्टेनलेस स्टीलचे घ्या. मडगार्डला पुन्हा क्रोम करताना खाली तांबं आणि निकेलचे थर नीट द्यायला सांगा. नुसता वरवरचा मुलामा समुद्राकाठी एका पावसाळ्यात फुगतो. हे सगळं जपानच्या नव्या बांधणीतून आनंदाने उचलण्यासारखं आहे.

म्हणजे ऐका काकांचंच, पण मोजमाप घेऊन. मिस्त्रीचं काम चांगलं निघालं तर ते त्या गाडीचं खरं रूप आहे आणि कंपनीच्या कोऱ्या ब्लॉकपेक्षा मला जास्त प्रिय आहे. फार वर नेलेलं निघालं, चढण जमत नसेल, तर दुसरा ब्लॉक मूळ मापाचा घाला आणि जुना तेल लावून, कागदात गुंडाळून, मापाच्या चिठ्ठीसकट ठेवा. दोन्ही ब्लॉक त्याच गाडीचे. चार बोल्टांचं काम आहे.

पेट्रोलचंही बघा. आता सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तुमच्याकडच्या दमट पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा, टाकीत आतून तेलाचा हात फिरवा आणि कार्ब्युरेटरची रबरी पॅकिंग इथेनॉलला टिकणारीच मागून घ्या. टू-टी ऑइलचा पंप चालू आहे याची खात्री होईपर्यंत टाकीतल्या पेट्रोलमध्येही थोडं तेल मिसळा आणि पहिले शे-दोनशे किलोमीटर काकांना चालवू द्या. इंजिनात काही बिनसलं, तर ते त्यांना आवाजावरून तुमच्या आधी कळेल.