काळ्या खडकाच्या पोटात वायू

२०२३ साली नव्याने झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात दोन तऱ्हेचे खडक आहेत. पांढुर्ण्याकडे विहीर खणली की काळा फत्तर लागतो. सौंसरकडे त्याहून फार जुने खडक वर येतात. त्यांत मँगनीज आहे, तसा संगमरवरही आहे. संगमरवर म्हणजे तापून व दबून पालटलेली चुनखडी. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोत ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. ज्या वायूने आज पृथ्वी तापत आहे, तोच वायू येथे कोट्यवधी वर्षे दगड होऊन स्वस्थ पडला आहे.

रविवारच्या शाळेत हे दाखविता येईल. चुन्याची निवळी पेल्यात घेऊन शिक्षकांनी नळीने हळू फुंकावे (मुलांच्या हाती नळी देऊ नये, निवळी तोंडात जाते). निवळी दुधाळ होते. श्वासातला वायू चुन्याशी मिळून त्याची पांढरी भुकटी झाली. फार वेळ फुंकल्यास मात्र ती पुन्हा विरघळते.

काळ्या फत्तरात चुन्याचा अंश, मॅग्नेशियम व लोह असते. आइसलंडमध्ये असाच फत्तर आहे. तेथे २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून खडकात सोडला, आणि दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दगड झाला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या दख्खनचा फत्तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा असून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरला आहे. तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष इकडे वळले यात नवल नाही.

पण घाईने हुरळून जावे असे आम्हांस वाटत नाही. आइसलंडच्या रीतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. संत्र्याच्या बागा विहिरींवर जगविणाऱ्या शेतकऱ्याने ते कोठून द्यावे? शिवाय फत्तराचा थर पूर्वेकडे पातळ होत जातो. सह्याद्रीतली जाडी येथे नाही. आणि वायू आधी धुरातून वेगळा करावा लागतो. आपल्याच राज्यात विंध्याचल वीजकेंद्रात २०२२ साली तसे यंत्र बसले, ते दिवसाला २० टन वायू धरण्याचे. कोळशावरचा ५०० मेगावॉटचा एकच संच पूर्ण चालला तर दिवसाला सुमारे दहा हजार टन सोडतो. विंध्याचलचा तो वायूही पुरण्यासाठी नाही, मिथेनॉल करण्यासाठी आहे.